दारापुढचा रस्ता

घर आपले, अंगण आपले; पण फाटकापुढचा रस्ता कोणाचा? मोटारी वाढल्या तसा हा प्रश्न शेजारधर्मापुरता न उरता न्यायासनापुढे जाऊन उभा राहिला.

अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरासमोर, पोटोमॅक नदीच्या पलीकडच्या तीरावर, व्हर्जिनिया राज्याचा आर्लिंग्टन परगणा आहे. तेथील अरोरा हायलँड्स या निवासी वस्तीजवळ क्रिस्टल सिटी हे व्यापारी संकुल वसले. संकुलात कामाला येणारे लोक आपल्या मोटारी वस्तीतील रस्त्यांवर उभ्या करू लागले. तेव्हा परगण्याने नियम केला: ठरवून दिलेल्या वस्त्यांत कामाच्या दिवशी सकाळी ८ ते सायंकाळी ५ या वेळेत परवान्याशिवाय मोटार उभी करू नये. परवाना विनामूल्य होता. तो रहिवाशांना, त्यांच्याकडे कामकाजासाठी येणाऱ्यांना व काही पाहुण्यांना मिळे.

या नियमाविरुद्ध नोकरदारांनी दावा लावला. रस्ता सार्वजनिक असताना रहिवासी आणि परका असा भेद का, हा त्यांचा सवाल होता. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने दिलेल्या समान संरक्षणाचा त्यांनी आधार घेतला. राज्याच्या न्यायालयांनी त्यांची बाजू उचलून धरली. परंतु १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. धूर, गोंगाट व वर्दळ कमी करणे हा हेतू योग्य आहे, आणि रहिवासी व बाहेरचा हा भेद त्या हेतूशी सुसंगत आहे, असे त्याने ठरविले.

हा युक्तिवाद आपल्याला अपरिचित नाही. आपल्या राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदातही समान संरक्षणाचे अभिवचन आहे; आणि वर्गीकरण स्पष्ट असावे, त्याचा कायद्याच्या उद्दिष्टाशी संबंध असावा, ही कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली अन्वर अली सरकार खटल्यात लावली.

मात्र परवान्याने रस्ता कोणाच्या मालकीचा होत नाही, आणि एक हातभरही रुंद होत नाही. गाड्या जागेपेक्षा अधिक झाल्या, तर परवाना म्हणजे जागा शोधण्याची मुभा तेवढी उरते. म्हणून परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याने आधी रस्ता मोजावा आणि मग शिक्का उचलावा. ज्या हेतूने बाहेरच्याला अडविले तो हेतू संपला, की त्याची वाटही मोकळी करावी. कारण रस्ता त्याचाही आहे.