अखाजीचा मुहूर्त आणि हिमालयातला बर्फ

खानदेशात अखाजी आली की वर्ष बदलतं. सालदाराचं साल त्या दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, पितरांच्या नावानं घागर भरली जाते. नेमक्या त्याच दिवशी, इथून हजारेक किलोमीटर उत्तरेला, गंगोत्री आणि यमुनोत्रीच्या देवळांचे दरवाजे सहा महिन्यांनी उघडतात. केदारनाथचा दिवस महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होतो, बद्रीनाथचा वसंतपंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात. हे सगळे मुहूर्त पंचांगावरून ठरतात. बर्फाला मात्र पंचांग कळत नाही. आजचा विषय इथूनच सुरू होतो.

आमच्या मेहरूणच्या तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत चारधामची गोष्ट निघाली नाही, असा उन्हाळा मला आठवत नाही. जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि चर्चा चाललेली असते लोकरी मोज्यांची! जायचं कधी, हेही ठरलेलंच. अखाजीनंतर निघायचं आणि मृग लागायच्या आत घरी यायचं. कपाशीची पेरणी कुणासाठी थांबत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हिशेब अगदी चोख आहे. अडचण एवढीच, की हिमालयातला बर्फ सगळ्यात बेभरवशाचा असतो तोही याच पाच-सहा आठवड्यांत.

पौष-माघातला बर्फ कडक, कोरडा असतो आणि वाट बंद आहे हे सरळ दिसतं. वैशाखातला बर्फ फसवा. रात्री गोठतो, पहाटे दगडासारखा होतो, पाय घसरतो. दुपारी उन्हानं भुसभुशीत होतो आणि माणूस मांडीपर्यंत रुततो. ओढ्यांवर बर्फाचे पूल तयार झालेले असतात. वरून ते भक्कम दिसतात, पण खालून पाणी त्यांना पोखरत असतं. उतारावरचे बर्फाचे लोट सुटतात तेही ऊन चढल्यावर. म्हणून पहाडातला माणूस अशी जागा सकाळीच ओलांडतो. जुन्या पायी यात्रेत चट्टीवर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, हीच चौकशी चाले. वर जाणारा खाली येणाऱ्याला विचारी, 'पुढं वाट कशी आहे?' त्याच्या उत्तरावर उद्याचा बेत ठरे.

१ जानेवारी १८८६ रोजी लक्सरहून हरिद्वारला आगगाडी पोचली. भुसावळहून उत्तरेला आगगाडी होतीच. त्यामुळे जी वाट महिनोन् महिने चालावी लागे, ती हरिद्वारपर्यंत काही दिवसांची झाली. पुढचे डोंगर होते तसेच राहिले. म्हणजे सपाटीवरचा माणूस पहिल्यांदाच बर्फाच्या पायथ्याशी इतक्या झटपट जाऊन उभा राहिला, वाटेत कुणाला काही विचारायला सवड न मिळता.

त्याच १८८६ सालात आणखी एक गोष्ट घडली. ४ जूनला सरकारी हवामान खात्यानं मोसमी पावसाचा पहिला रीतसर अंदाज दिला. त्यामागचे गृहस्थ हेन्री ब्लॅनफर्ड. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळानंतर पावसाचा आधी अदमास घेता येईल का, हा प्रश्न सरकारपुढं होता. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाकडं बोट दाखवलं. वसंतात बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत राहिला, तर उत्तरेची जमीन नीट तापत नाही, कोरडे वारे वाहतात आणि पाऊस लांबतो, असं त्यांनी १८८४ साली मांडलं. त्यासाठी डोंगरी मुलखातून बर्फाच्या बातम्या मागवल्या जात. गंमत बघा, यात्रेकरू चट्टीवर विचारत होता तोच प्रश्न आता सरकार विचारू लागलं होतं. बर्फ किती उरला आहे? एकाला चालायचं होतं, दुसऱ्याला दुष्काळाचा अंदाज घ्यायचा होता.

१८८२ ते ८५चे प्रायोगिक अंदाज बरे निघाले, म्हणून तर पुढचं पाऊल पडलं. पण ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांचा १८९९चा अंदाज साफ चुकला. पाऊस चांगला होईल असं सांगितलं गेलं आणि छप्पनचा दुष्काळ पडला. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता, पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले. या मुलखानं त्या वर्षी फार सोसलं. केवळ बर्फ बघून पाऊस सांगता येत नाही, हा धडा महाग पडला.

पुढं गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञानं बर्फासोबत मॉरिशस आणि दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, झांजिबारचा पाऊस अशी दूरदूरची मापं जोडली. आणि १९८८ साली आपल्या वसंत गोवारीकरांनी सोळा घटकांचं प्रारूप दिलं, त्यातही हिमालयातल्या बर्फाला जागा होती. ते प्रारूप बरीच वर्षं चाललं. २००२च्या जुलैत देशभर पाऊस निम्म्यावर आला, तेव्हा ते उघडं पडलं आणि दुसऱ्या वर्षी बदललं गेलं. गोवारीकरांवर तेव्हा टीकाही झाली. मला ती थोडी अन्यायाची वाटते. शंभर वर्षं ज्या गाठीशी सगळे झगडले, ती एका माणसाच्या हातून सुटली नाही, एवढंच.

बर्फ आणि पाऊस यांची गाठ डोंगरात प्रत्यक्ष पडते तेव्हा काय होतं, हे १६ आणि १७ जून २०१३ला केदारनाथनं दाखवलं. त्या वर्षी मोसमी पाऊस फार लवकर वर सरकला. साधारण जुलैच्या मध्यावर सारा देश व्यापणारा पाऊस १६ जूनलाच सगळीकडं पोचला. वितळत्या बर्फावर मुसळधार पाऊस झाला, चोराबारी ताल फुटला, रामबाडा नावाची वस्ती वाहून गेली आणि हजारो माणसं गेली. मृगाच्या आत परतायचा आपला जुना नेम पाळणारे तोवर घरी आलेले होते, हा योगायोग. तो नेम पेरणीसाठी होता, बर्फासाठी नव्हे.

त्यानंतर यात्रेकरूंची नोंदणी सक्तीची झाली. नव्या वाटेनं गौरीकुंडाहून केदारनाथ सोळा किलोमीटरवर आहे. दर वसंतात मजूर त्या वाटेवरचा बर्फ कापून काढतात, दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती उभ्या राहतात. हिमस्खलनाचा अभ्यास करणारी लष्करी संशोधनाची संस्था १९६९ साली मनालीला सुरू झाली होती. २०२०मध्ये ती चंदिगडच्या नव्या संस्थेत सामील झाली. तिथून हिमस्खलनाचे इशारे निघतात आणि हवामान खातं डोंगरी जिल्ह्यांचा अंदाज रोज देतं. नोंदणीची चिठ्ठी हातात आली म्हणजे वाट उघडी आहे असं नव्हे. चिठ्ठी महिनाभर आधी मिळते, बर्फ काल रात्रीही पडलेला असू शकतो. आमच्या तलावाकाठची मंडळी आता निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गौरीकुंडच्या ओळखीच्या घोडेवाल्याला फोन लावतात. चट्टीवरचा तोच जुना सवाल असतो, आणि उत्तर बहुतेक वेळा असं येतं, 'आज दुपारपर्यंत थांबवलंय, उद्या सकाळी या.'