लांब नळी, आखूड नळी



माजिवड्याच्या नाक्यावर घटकाभर उभे राहिले की मोटारीचे दोन्ही स्वभाव दिसतात. येथे मुंबई-आग्रा रस्त्याला घोडबंदरचा रस्ता मिळतो. सिग्नलपाशी अडकलेली गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, आणि वाट मोकळी मिळताच तीच भरधाव सुटते. ही दोन्ही कामे एकाच इंजिनाने चोख करावीत म्हणून हवेची वाट चालू इंजिनातच बदलणारे मॅनिफोल्ड निघाले. वेगाचे हौशी मालक पुष्कळदा ही यंत्रणा काढून टाकू पाहतात. ती ठेवावी की काढावी, हे आज इतिहासालाच विचारू.

आधी हवेचा स्वभाव पाहू. दट्ट्या खाली जाऊन हवा ओढू लागला की नळीत दाबाची लाट उठते. ती ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर, उघड्या तोंडापर्यंत जाते आणि उलटून परतते. झडप मिटण्याच्या ऐन वेळी ती पोहोचली, तर चार श्वास अधिक आत कोंबते. मिनिटाला ३,००० फेरे असताना झडप जितका वेळ उघडी राहते, त्याच्या निम्माच वेळ ६,००० फेऱ्यांना मिळतो. म्हणून विलंबित लयीला लांब नळी मानवते, द्रुत लयीला आखूड.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीने ज्या अमेरिकन क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याला गाड्या जोडल्या, तिच्याच घरची गोष्ट घ्या. क्रायस्लरने १९६० साली आपल्या ३००-एफ गाडीला सुमारे ३० इंच लांबीच्या नळ्या बसविल्या. शक्ती ३७५ अश्वशक्ती. अधिक वेग हवा असणाऱ्यांसाठी त्याच नळ्यांच्या आतील भिंतीचा काही भाग काढून उपयुक्त लांबी १५ इंचांवर आणली, तेव्हा शक्ती ४०० झाली. पण नळी तिथेच कायमची आखूड झाली. एक लय मिळाली, दुसरी गेली.

जपानच्या टोयोटाने १९८३ च्या सुमारास आपल्या १,६०० सीसीच्या ४ए-जीई इंजिनात निराळी तोड काढली. प्रत्येक सिलिंडरला हवेच्या दोन वाटा. फेरे कमी असताना एक वाट पडद्याने बंद, म्हणजे उरलेल्या वाटेने हवा जोराने आत शिरते. पुढे १९८९ च्या सुमारास टोयोटानेच तो पडदा काढला! काढण्याच्या बाजूचे लोक हा दाखला हमखास देतात. पण तो अर्धाच असतो. टोयोटाने पडदा काढताना हवेच्या वाटाच अरुंद केल्या आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढविले. औषध बदलले, दुखणे विसरले नाहीत.

शर्यतीचे मैदानही एकमुखी साक्ष देत नाही. १९९१ साली फ्रान्समधील ले मान्सची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ७८७-बी गाडीने जिंकली. तिच्या नळ्यांची लांबी धावतानाच कमीजास्त होत असे. उलट फॉर्म्युला वनमध्ये २००६ पासून अशा नळ्यांना बंदी आली आणि २०१५ मध्ये ती उठली. ही बंदी नियमाने घातलेली होती. तिच्यावरून यंत्रणा निरुपयोगी ठरत नाही.

मग आपण काय करावे? जे इंजिन केवळ मैदानासाठी आहे, ज्याचे फेरे सदैव वरच राहतात, त्याला पडदा हा निव्वळ अडथळा. तेथे तो काढण्यात अर्थ आहे. झिजलेला पडदा तुटून इंजिनात पडण्याचे भयही खोटे नाही. पण त्यावर उपाय वेळीच दुरुस्तीचा आहे. रोज नाके ओलांडणाऱ्या गाडीची यंत्रणा काढली आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर वरचा जोर वाढेल न वाढेल, खालचा पिकअप मात्र हमखास जातो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी नोंदणीपुस्तक जुळेनासे होईल असा फेरबदल मना करते. मिस्त्रीच्या हाती पाना देण्यापूर्वी तेही पाहिलेले बरे.

पूर्वसूरींनी घातलेली एखादी वस्तू अडगळ वाटली, तर ती कोणत्या दुखण्यावर आली होती हे आधी विचारावे. ते दुखणे आपल्या गाडीला उरले नसेल, तर खुशाल काढावी. उरले असेल, तर दुसरे औषध हाती आल्यावाचून पहिले फेकू नये.