इंजिन थांबल्यावर चालणारा पंप

हातपंप म्हटलं की आपल्याला गावातला हापसा आठवतो. इंग्लंडमधल्या हौशी कारागिरांनी घरी बनवलेल्या, खऱ्या वाफेवर धावणाऱ्या छोट्या रेल्वे इंजिनांतही एक हातपंप असतो. मुठीत मावेल एवढा, टेंडरच्या पाण्यात बुडालेला. हापसा पाणी वर खेचतो. हा पंप वाफेच्या दाबाविरुद्ध पाणी बॉयलरमध्ये ढकलतो.

मोठ्या इंजिनांत आधी पाण्याचा पंप चाकांच्या हालचालीवरच चालायचा. गाडी उभी, की पंप बंद. मग बॉयलर भरायला इंजिन नुसतंच पुढे-मागे फिरवावं लागे. १८५८ साली फ्रान्सच्या आंरी जिफार यांच्या इंजेक्टरने हा प्रश्न सोडवला: वाफेच्या झोतानेच पाणी आत जाऊ लागलं.

छोट्या इंजिनांत प्रश्न परत आला. इंजेक्टर लहान केला की त्याची छिद्रं सुईएवढी होतात. कणभर कचरा किंवा टाकीतलं तापलेलं पाणी, आणि तो रुसतो. इकडे इवल्याशा बॉयलरमधलं पाणी मिनिटांत खाली जातं. भट्टीचं छत कोरडं पडलं, की कित्येक महिन्यांची मेहनत जळते.

१९२०च्या दशकात ‘मॉडेल इंजिनिअर’ साप्ताहिकात छोट्या बॉयलरवरून मोठा वाद पेटला. त्यात ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराने ‘आयेशा’ हे अडीच इंच रुळांवरचं, कोळशावर चालणारं इंजिन माणूस ओढू शकतं, हे दाखवून दिलं. पुढे अनेक दशकं तो वाचकांना घरी इंजिन बनवायला शिकवत राहिला. त्याच्या आराखड्यांत टेंडरमधला हातपंप पुन्हा पुन्हा भेटतो.

रचना साधी: एक दट्ट्या, दोन छर्रे. दट्ट्या ओढला की खालचा छर्रा उचलून पाणी आत येतं; ढकलला की तो बसतो आणि वरचा उघडतो. मी हिशेब मांडून पाहिला. दट्ट्याचा व्यास १२ मिमी आणि बॉयलरचा दाब चौरस सेंटिमीटरला साडेपाच किलो धरला, तर जोर लागतो सुमारे सहा किलो. चौपट लांबीच्या दांड्याने तो दीड किलोवर येतो. व्यास दुप्पट केला, तर जोर चौपट लागेल. फार बारीक केला, तर हात दुखेपर्यंत हापसत बसा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले पर्यायी व्यवस्था बनवतो, पण ती बहुधा त्याच विजेवर, त्याच नेटवर्कवर टेकलेली असते. या पंपाला ना वाफ लागते, ना फिरतं चाक. नव्या बॉयलरखाली पहिल्यांदा आग पेटवण्याआधी, त्यात गार पाणी भरून दुप्पट दाबाची चाचणी घेतात, तीही अशाच हातपंपाने.