घरफोडीची खूण

विम्याचा कागद घरांत येतो, पेटींत पडतो, आणि संकट ओढवल्यावांचून सहसा बाहेर निघत नाहीं. सुशिक्षित कुटुंबांतही तो अथपासून इतिपर्यंत वाचणारें माणूस विरळाच. (विकणारा प्रतिनिधि तरी तो वाचतो कीं काय, याची आम्हांस शंका आहे.) असल्या न वाचलेल्या कागदानें ग्राहक कितपत बांधला जावा, हा प्रश्न किरकोळ दिसला तरी एखाद्या कुटुंबाचें सर्वस्व त्यावर अवलंबून असतें. या प्रश्नास विसाव्या शतकांत ज्यांनीं नवें वळण दिलें, ते अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक रॉबर्ट कीटन होत.

कीटन यांचा जन्म १९१९ सालीं टेक्सास राज्यांत झाला. १९६५ मध्यें जेफ्री ओकॉनेल यांच्या सहकार्यानें त्यांनीं, मोटार-अपघातांत सांपडलेल्यांस दोष कोणाचा याची चौकशी न करतां भरपाई मिळावी, अशी योजना मांडली. परंतु १९७० सालीं ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्यें आलेला त्यांचा विमाविषयक निबंध आमच्या मतें अधिक मोलाचा आहे.

जुना नियम असा कीं, विमापत्रांतील शब्द संदिग्ध असल्यास त्यांचा अर्थ तें लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध करावा. शब्द स्पष्ट असतील तर ग्राहकानें मुकाट्यानें पैशावर पाणी सोडावें. प्रत्यक्षांत पुष्कळ न्यायाधीशांस तो अन्याय पाहवत नसे, आणि मग ते स्वच्छ वाक्यांतही ओढूनताणून संदिग्धता शोधीत. निकाल योग्य, पण दिलेलें कारण खोटें! कीटन यांनीं असे निकाल एकत्र मांडून त्यांच्या मुळाशीं असलेलें खरें तत्त्व सांगितलें. सामान्य ग्राहकानें वाजवीपणें जी अपेक्षा धरून विमा उतरविला असेल ती न्यायालयानें पुरी करावी. विमापत्राच्या बारकाईनें केलेल्या अभ्यासांत ती टिकत नसली तरीही.

या तत्त्वाचा कस लागला तो आयोवा राज्यांतील एका खत-कंपनीच्या खटल्यांत. १९७० च्या एप्रिल महिन्यांत तिच्या कोठारांतून रासायनिक द्रव्यें चोरीस गेलीं. बाहेर चिखलांत मालमोटारीच्या चाकांचे ठसे उमटले होते. आंतल्या खोलीचें दार हत्यारानें फोडलेलें होतें. मात्र बाहेरच्या दारावर ओरखडाही नव्हता, कारण जोर लावल्यास तें खूण न उरतां उघडत असे. विमापत्रांतील घरफोडीच्या व्याख्येप्रमाणें तर इमारतीच्या बाहेरील अंगावरच बळजबरीची दृश्य खूण हवी होती! विमा कंपनीनें पैसे नाकारले. खालच्या न्यायालयानेंही तिचीच बाजू घेतली. अशा कलमाचा हेतु घरच्याच माणसांकडून होणारी लबाडी रोखण्याचा असतो, आणि तो गैर नव्हे. पण येथें आंतल्या फोडलेल्या दाराकडे काणाडोळा करून केवळ बाहेरचें दार पाहावयाचें, असा प्रकार झाला. चोर जितका कसबी, तितका मालक निराधार. १९७५ मध्यें आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानें कीटन यांच्या तत्त्वाचा आधार घेऊन तो निर्णय फिरविला.

आक्षेप आलेच. आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७९ मध्यें हें तत्त्व नाकारलें. लिखित करारास न्यायाधीशाच्या समजुतीनें मुरड पडूं लागली तर जोखमीचा हिशेब करून हप्ता ठरवावा कसा, हा विरोधकांचा मुद्दा पोकळ नाहीं. तथापि लिहिणारा एक, सही करणारा दुसरा, आणि घासाघीस मुळींच नाहीं, अशा व्यवहारास दोघांचा करार म्हणणें आम्हांस जड जातें.

आपल्याकडेही याच जातीचा वाद २००४ मध्यें भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला. त्यांत युनायटेड इंडिया इन्शुरन्स ही कंपनी पक्षकार होती. बळजबरीवांचून झालेली चोरी विमापत्रांतील घरफोडीच्या व्याख्येंत बसत नाहीं, म्हणून निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. मात्र ही व्याख्या फार कडक आहे, भरपाईसाठीं बळजबरीचा पुरावा लागतो हें सामान्य माणसास उमगणें कठीण आहे, तेव्हां कंपनीनें आपल्या अटी सुधाराव्यात, असा अभिप्राय न्यायालयानें त्याच निकालपत्रांत नोंदविला. त्या विमेदारास अर्थातच त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं.