कोळी खाणारे कोळी आणि श्रावकाची बाग



उन्हाळा आला की गुलाबाला, घेवड्याला, वांग्याला लाल कोळी लागतो, हे कुंड्या लावणाऱ्या सगळ्याच बायकांना माहीत आहे. पान वरून फिकट, ठिपक्याठिपक्यांचं होतं. उलटून पाहिलं तर धुळीसारखं काहीतरी हलतं आणि देठापाशी बारीक जाळी दिसते. एका वाचक ताईंनी मला विचारलंय, "या कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी बाटलीत भरून विकत मिळतात म्हणे. औषध फवारण्यापेक्षा ते बरे ना? आपण तर काहीच मारत नाही."

"आपण तर काहीच मारत नाही" या वाक्यापाशी मी अडले. कृत, कारित, अनुमोदना हे शब्द ज्यांनी पाठशाळेत घोकले आहेत त्या सगळ्याच अडतील. पण उत्तराआधी हे कोळी बाटलीत आले कसे ते बघू या. तो इतिहास आपल्या प्रश्नाशी फार जवळून बांधलेला आहे.

एका जीवाकरवी दुसऱ्या जीवाचा बंदोबस्त करायचा, ही कल्पना जुनीच. चीनमध्ये इसवी सन ३०४ च्या सुमाराच्या एका ग्रंथात संत्र्या-मोसंब्यांच्या बागांसाठी मुंग्यांची घरटी पिशवीत घालून बाजारात विकत असल्याची नोंद आहे. आपल्या कोकणात आंब्याची पानं शिवून घर करणारे लाल मुंगळे असतात, त्यांच्यातलेच ते. भारतात १७९५ साली ब्राझीलहून एक किडा आणला, तो लाल रंग काढण्यासाठी. रंगाच्या कामाचा तो नव्हताच, दुसऱ्याच जातीचा निघाला. पण त्याने निवडुंगाची एक जात खाऊन रानंच्या रानं मोकळी केली. मग १८३६ च्या सुमारास तो मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडला. पुढे १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक ढालकिडा कॅलिफोर्नियात नेला आणि तिथल्या लिंबूवर्गीय बागा वाचल्या. ही गोष्ट शेतकीच्या पुस्तकांत सगळीकडे असते, म्हणून इथे लांबवत नाही.

यात लाल कोळी कुठेच नाही, हे लक्षात घ्या. तो तेव्हाही होता. १८३६ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि काचघरांतले माळी त्याला चांगले ओळखत होते. गंधकाची धुरी, तेलाचा फवारा चालायचा. पण बागाच्या बागा वाळवणारा शत्रू म्हणून त्याचं नाव झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, डीडीटी आल्यावर.

डीडीटीचा कीटक मारण्याचा गुण पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हिवताप आणि प्रलापक ज्वर यांच्यापासून त्याने माणसं वाचवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेच औषध फळबागांवर पडलं तेव्हा विचित्र गोष्ट घडली. कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय, तो खऱ्या कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या नात्यातला. डीडीटीने तो फारसा मरत नाही. मरतात ते त्याला खाणारे: बारके काळे ढालकिडे, परभक्षी कोळी. राखण करणारे गेले आणि लाल कोळी मोकाट सुटला. १९५६ साली अमेरिकेच्या वनखात्याने एका अळीसाठी सुमारे पावणेनऊ लाख एकर जंगलावर डीडीटी फवारलं. पुढच्या उन्हाळ्यात झाडांचे शेंडे तांबूस पडू लागले, सुया गळू लागल्या, सगळीकडे कोळी. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकात ही हकिकत सविस्तर दिली आहे.

मग कोळ्यासाठी वेगळी, जास्त जहाल औषधं आली. गरम हवेत कोळ्याची एक पिढी आठवड्याभरात तयार होते आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. फवाऱ्यातून जे दोन-चार तगले त्यांचीच प्रजा पुढच्या महिन्यात पानभर पसरते. १९५० च्या आसपास काचघरांतले कोळी या नव्या औषधांनाही दाद देईनासे झाले. म्हणजे औषध वाढलं, मरणारे जीव वाढले, आणि ज्याला मारायला निघालो तो होता तिथेच. हिशेब कुठल्याही बाजूने मांडा, जैन माणसाला तो पटणारा नाही.

आता बाटलीतला कोळी. १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांवर डोसे नावाच्या संशोधकांना एक नारिंगी-लाल, पेरूच्या बीएवढाही नसलेला, तुरुतुरु पळणारा कोळी सापडला. कुणी मागवला नव्हता, फुलांबरोबर आला होता. आदल्याच वर्षी एका फ्रेंच संशोधिकेने अल्जीरियातल्या नमुन्यांवरून त्याच जातीचं वर्णन केलं होतं, फायटोसियुलस पर्सिमिलिस या नावाने. त्याचा आहार जवळजवळ एकच: लाल कोळी आणि त्याची अंडी. एक मादी दिवसाला पाचेक मोठे कोळी किंवा वीसेक अंडी-पिल्लं संपवते. झाडाला तोंड लावत नाही. लाल कोळी संपले की उपाशी मरते किंवा आपल्याच भावंडांना खाते.

इंग्लंडमध्ये याची वाट थोडी आधीच मळलेली होती. हर्टफर्डशरमध्ये १९२६ मध्ये टोमॅटोवरच्या पांढऱ्या माशीची काही पिल्लं काळी पडलेली एका माळ्याच्या नजरेला आली. आत बारीक गांधीलमाशीची पिल्लं वाढत होती. चेसहंटच्या संशोधन केंद्राने त्या माश्या वाढवून बागायतदारांना वाटल्या, आणि डीडीटी आल्यावर ते काम बंद पडलं. माळ्याने पान उलटून नीट पाहिलं म्हणून हे सुरू झालं, हे मला फार आवडतं.

हॉलंडमध्ये काकडी पिकवणाऱ्या यान कॉपर्ट यांना औषधांचा शारीरिक त्रास होऊ लागला होता. त्यांनी हे परभक्षी कोळी आपल्या काचघरात सोडले, काम फत्ते झालं, आणि १९६७ पासून ते इतरांनाही पुरवू लागले. आज त्याचा जगभर व्यापार आहे. १९८७-८८ च्या सुमारास टोमॅटोच्या परागीभवनासाठी काचघरांत भुंगे ठेवायला सुरुवात झाली आणि या पद्धतीला आणखी जोर आला, कारण भुंगे ठेवायचे तर विष फवारता येत नाही.

इथवर वाचून ताई म्हणतील, मग चांगलंच आहे की. थांबा. ही बाटली भरते कशी? परभक्षी कोळ्याला दुसरं काही चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी लाल कोळीच वाढवावे लागतात. घेवड्याची रोपं लावायची, त्यांवर लाल कोळी मुद्दाम सोडायचे, पानं भरली की त्यांवर परभक्षी सोडायचे. ते खाऊन माजले की गोळा करून बाटलीत. आपल्या चार गुलाबांवरचे कोळी बाजूलाच राहिले. बाटलीमागे किती जीव केवळ खाद्य म्हणून जन्माला घातले गेले, तो आकडा कुणी छापत नाही.

आपल्या शास्त्रांत याच्या फार जवळ जाणारा विचार आहे. श्रावकाने टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत, त्यांतला एक असतीपोषण: मांजर, कुत्रा, कोंबडा असे हिंस्र जीव पैशासाठी पाळणं, पोसणं. हेमचंद्राचार्यांच्या बाराव्या शतकातल्या योगशास्त्रात तो येतो आणि आपल्या दिगंबर परंपरेत पंडित आशाधरांनीही सागारधर्मामृतात या पंधरा खरकर्मांची चर्चा केली आहे. कोळ्याचा उल्लेख तिथे असणं शक्यच नाही, पण परभक्षी पोसून विकण्याचा धंदा कुठल्या रकान्यात बसतो हे वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजू अमृतचंद्राचार्यांची. दहाव्या शतकातल्या पुरुषार्थसिद्ध्युपायात ते म्हणतात की एका हिंस्र प्राण्याला मारल्याने पुष्कळांचं रक्षण होतं, असं मानून त्याला मारू नये. म्हणजे बेरीज-वजाबाकीने हिंसा पावन करून घेण्याची वाट त्यांनी बंद केली आहे. मग कोळी खाणारा ढालकिडा पानावर दिसला तर त्यालाही हुसकायचं नाही आणि "कोळी खातोय, खाऊ दे" म्हणून टाळ्याही वाजवायच्या नाहीत. दुसरं मला जास्त अवघड वाटतं. अनुमोदना तिथेच लपलेली असते.

पण शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला गृहिणीच्या मापाने मोजू नये. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी जैन घरं आहेत. आदिनाथ भगवंतांनी असि, मसीबरोबर कृषीही शिकवली, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्याचं पोट पॉलिहाऊसवर आहे त्याला उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही, कमी करता येते. दर आठवड्याला विष फवारलं तर मधमाशी, ढालकिडा, कोळी, पाण्यातले जीव सगळेच जातात, शिवाय फवारणारा गडी आजारी पडतो. परभक्षी कोळी सोडले तर तिथली हिंसा एका जातीपुरती राहते. त्या शेतकऱ्याला मी बाटली घेऊ नका असं कधीच सांगणार नाही. असतीपोषणाचा दोष सांगून त्याला पुन्हा विषाच्या डब्याकडे ढकलणं हे धर्माच्या नावाने केलेलं जास्त वाईट काम होईल.

गच्चीवरच्या चार कुंड्यांचं मात्र तसं नाही. तिथे पोटाचा प्रश्न नाही, हौसेचा आहे. हौसेसाठी बाटली मागवायची नाही, हे माझं मत, आणि त्याला शास्त्राबरोबर संत्र्यांचाही आधार आहे.

संत्र्यांची हकिकत अशी. कॅलिफोर्नियाच्या हफेकर यांनी १९५८ मध्ये प्रयोगशाळेत संत्री मांडून त्यांवर संत्र्यांवरचे कोळी आणि त्यांना खाणारे कोळी सोडले. मांडणी सोपी असली की खाणारे सगळ्यांना शोधून संपवत आणि मग स्वतः उपाशी मरत. मग त्यांनी २५२ संत्री मांडली, मध्ये व्हॅसलीनचे बांध घातले, छोट्या काड्या उभ्या केल्या. पहिले कोळी काडीवर चढून धाग्याला लोंबकळत वाऱ्याने पुढे जात, खाणाऱ्यांना ते जमत नसे. त्या पसाऱ्यात मात्र दोन्ही जाती बराच काळ टिकल्या; एक वाढे, दुसरी मागून वाढे, दोन्ही ओसरत, पुन्हा वाढत, असं तीन वेळा झालं. चार कुंड्यांची बाग म्हणजे ती पहिली, सोपी मांडणी. बाटलीतले कोळी काम संपवून मरतील आणि पुढच्या चैत्रात वाऱ्यावरून नवे लाल कोळी येतील. पुन्हा बाटली.

एक गंमत मध्येच सांगते. परभक्षी कोळ्याला डोळे नसतात. मग तो शोधतो कसा? हॉलंडच्या डिके आणि साबेलिस यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की कोळी लागलेलं घेवड्याचं झाड वेगळा वास सोडतं आणि त्या वासावर तो येतो. स्पर्श, रस आणि घ्राण एवढीच इंद्रियं घेऊन तो चालतो; लाल कोळ्याला मात्र डोळे असतात. आणि ज्या झाडाला आपण एकेंद्रिय म्हणतो, त्याचा वास ऐकून मदत येते. आमच्या स्वाध्यायात हे सांगितलं तर एक आजी लगेच म्हणाल्या, "मग रोप कोमेजलं की बाई, तुला आधी का कळत नाही?"

कळण्यासाठी पान उलटावं लागतं. कोळ्याला कोरडी, धुळकट हवा आणि तहानलेलं झाड आवडतं. म्हणून फाल्गुनापासूनच कुंड्या सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत येतील अशा हलवा, माती सुकू देऊ नका, पानांवरची धूळ गाळलेल्या पाण्याच्या ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. कोळी लागण्याआधी हे केलं तर हिंसेचा प्रश्न बराच मागे राहतो. कुंड्या दाटीने न ठेवता वेगवेगळ्या जातींची रोपं मिसळून ठेवा आणि शेजारच्या कुणालाही तुमच्या गच्चीवर औषध मारू देऊ नका. मोहरीपेक्षाही लहान, चकचकीत काळा ढालकिडा पानामागे दिसला तर ते पान तोडू नका. तो आपला आपण आलेला आहे.