पक्षाघातोत्तर जीवन आणि मुंबईतील चाळ

सुश्रुतसंहितेतील ‘पक्षाघात’ आणि मराठी व्यवहारातील ‘अर्धांगवायू’ ही दोन्ही नावे व्याधीचे स्थान शरीराच्या एका अर्धात सांगतात. दुसऱ्या नावात वायू हे कारणही गृहीत धरले आहे. मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडणे अगर फुटणे हे कारण पुढे निश्चित झाले; परंतु वाचलेला रोगी घरी परतल्यावर त्यास काय करता येते, हा प्रश्न यांपैकी कोणत्याही नावात येत नाही. त्या प्रश्नाचा इतिहास बराच अलीकडचा आहे.

परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले; हाजी अली येथील पुनर्वसन संस्था १९५५ साली स्थापन झाली. दहा वर्षांनी, १९६५ साली, अमेरिकेतील मेरीलँड येथे महोनी व बार्थेल यांनी जेवण, स्नान, शौच, चालणे, जिना चढणे अशा दहा क्रियांना मिळून शंभर गुण देणारे माप प्रसिद्ध केले. पुढे ते सर्वत्र रूढ झाले.

हे माप चाळीत आणले म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. १९२० नंतर नायगाव, वरळी, शिवडी व डिलाईल रोड येथे विकास खात्याने उभारलेल्या चाळींत सुमारे १६० चौरस फुटांची एकच खोली आणि सामायिक शौचकूप अशी व्यवस्था केलेली होती. तेथे शौचास जाणे म्हणजे गॅलरी ओलांडणे, आणि उकिडवे बसून पुन्हा उठणे होय. अंथरूण जमिनीवर असल्यास नुसते उठून उभे राहणे हीच परीक्षा ठरते. वरच्या मजल्यावरील रोग्यास जिना हीच जगाची सीमा. वरळीतील ५५६ रहिवाशांना २०२५ साली ५०० चौरस फुटांच्या सदनिका मिळाल्या. अशा घरात शौचालय आत असल्याने, हातापायांची शक्ती न वाढताही परावलंबन घटू शकते. अपंगत्वाचा काही अंश शरीरात नसून वास्तूत असतो, हे यावरून स्पष्ट होते. उलटपक्षी, गॅलरीत जाता-येता मिळणारा शेजाऱ्यांचा हात आणि संवाद बंद दारामागे दुर्मिळ होण्याचा संभव आहे.

ही दुसरी हानी त्या मापात उमटत नाही. त्याच्या दहा क्रियांत बोलण्याचा अंतर्भावच नाही. मेंदूच्या डाव्या अर्धातील आघाताने वाचा गेलेला, घरच्या माणसांची नावेही उच्चारू न शकणारा मनुष्य शंभरपैकी शंभर गुण मिळवू शकतो. पूर्ण गुण मिळालेला रोगी एकटा राहू शकेलच असे नाही, हे खुद्द मापकर्त्यांनीही नमूद केले होते. म्हणून घरी परतलेल्या रोग्याचे स्वावलंबन ठरविताना त्याच्या पायांइतकीच त्याच्या घराची आणि वाणीचीही नोंद होणे अगत्याचे आहे.