अत्तराची बाहुली

वाचकहो, छंद अनेक प्रकारचे असतात. कोणी नाणी जमवितो, कोणी पोस्टाची तिकिटे, कोणी जुने दिवे. चिनी मातीच्या बोटभर उंचीच्या अत्तरकुप्या, आणि त्याही जर्मनीत घडलेल्या व माणसाच्या किंवा प्राण्याच्या आकाराच्या, आवडीने जमविणारी माणसे जगात आहेत, हे आम्हाला चाळिशी ओलांडल्यावर कळले. कळले तेही एका चुकीमुळे. ती चूक सांगितल्याखेरीज हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून आरंभ तिथूनच करतो.

जळगावच्या एका जुन्या पेठेत आमच्या परिचयाच्या एक वृद्ध आजी राहत असत. त्यांची नात आमच्या शाळेत शिकली होती. त्या ओळखीने आजींच्या आजारपणात आमचे जाणे-येणे होई. त्यांच्या माजघरात भिंतीत बसविलेले काचेचे कपाट होते. त्यात पितळी गुलाबदाणी, चांदीची काळवंडलेली अत्तरदाणी आणि या दोहोंच्या मध्ये एक पांढरी बाहुली उभी असे. डोईवर टोपी, निळा झगा, आणि टोपीच्या वर धातूचा इवलासा मुकुट. मुकुट ओढला की त्याच्यासह बूच बाहेर येई. बाहुली आतून पोकळ होती. ती अत्तराची कुपी होती.

बाहुलीवर अनेक वर्षांच्या चुलीच्या धुराचे पुट चढले होते. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, “आजी, मी ही स्वच्छ करून आणून देतो.” आजींनी मान हलविली. आम्ही ती घरी आणली आणि ऊन पाण्यात साबण घालून रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी पाणी काळे झाले होते, बुचाचा भुगा झाला होता, आणि बाहुलीचे डोळे व ओठ नाहीसे झाले होते. झग्याचा निळा रंग तेवढा जसाच्या तसा राहिला होता. आम्ही ओशाळलेल्या चेहऱ्याने ती परत नेली. आजींनी ती हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि शांतपणे म्हणाल्या, “तोंड पुसलंत की हो, फादर.”

एक रंग टिकला आणि दुसरा का गेला, या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही थेट जर्मनीला जाऊन पोहोचलो.

चिनी मातीची खरी पांढरी भांडी घडविण्याची विद्या शतकानुशतके चीन, कोरिया व जपान यांच्यापाशीच होती. युरोपातील राजे त्या भांड्यांसाठी पाण्यासारखा पैसा ओतीत. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने योहान फ्रीडरिख ब्योटगर नावाच्या एका तरुण किमयागाराला सोने करून दाखव म्हणून नजरकैदेत ठेवले होते. सोने काही झाले नाही. परंतु चिर्नहाउस या विद्वानाच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या प्रयोगांतून 1708 च्या सुमारास पांढऱ्या चिनी मातीचे रहस्य उलगडले, आणि 1710 साली माइसेन येथे राजाचा कारखाना उभा राहिला. 1731 मध्ये तेथे योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार आला. ताटे-वाट्यांपुरत्या राहिलेल्या मातीतून त्याने माणसे, पक्षी, नट आणि विदूषक उभे केले. बाहुलीच्या रूपातील अत्तरकुपीचे कूळ या परंपरेत आहे.

माइसेनचे रहस्य फार काळ लपून राहिले नाही. थुरिंगियाच्या डोंगराळ, जंगली प्रदेशात गेओर्ग हाइनरिख माखेलाइड नावाच्या गृहस्थाने 1760 च्या सुमारास स्वतःच्या प्रयोगांनी ही माती साधली. हा माखेलाइड मुळात धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता, हे वाचून आम्हाला थोडा दिलासा वाटला. धर्मशास्त्र शिकलेला मनुष्य मातीच्या वस्तू केवळ बिघडवितोच असे नाही! पुढे त्या प्रदेशात गावोगावी कारखाने निघाले. राजवाड्यातील चैनीची वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारातील स्वस्त नवलाईची वस्तू झाली. ज्यांच्या डोक्यावर धातूचा मुकुट असे, अशा कुप्यांचा बहर विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतला. विदूषक, डच मुली, कुत्री, मांजरे, केस कापलेल्या आधुनिक तरुणी अशी त्यांची शेकडो रूपे आहेत. थुरिंगियातील शेफर आणि फाटर, कोबुर्गजवळील गोबेल ही त्यांतील प्रसिद्ध कारखान्यांची नावे होत. गोबेलचे नाव आपल्या वाचकांना अन्य कारणानेही ठाऊक असेल. सिस्टर मारिया इनोसेन्शिया हुम्मेल या फ्रान्सिस्कन संन्यासिनीने काढलेल्या बालकांच्या चित्रांवरून 1935 पासून ज्या मूर्ती घडविल्या गेल्या, त्या याच कारखान्यात. त्या भगिनी 1946 साली, वयाच्या अवघ्या 37 व्या वर्षी, क्षयाने वारल्या.

आता आमच्या चुकीचे शास्त्र. केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड पाण्यात कालवून रबडीसारखे मिश्रण करतात. ते प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओततात. साचा पाणी शोषून घेतो आणि त्याच्या आतल्या अंगाला मातीचा थर धरतो. मग उरलेली रबडी ओतून टाकली की पोकळ बाहुली तयार होते. ती एकदा भाजायची, काचेसारखा लेप द्यायचा आणि सुमारे 1400 अंश उष्णतेत पुन्हा भाजायची. त्यावर रंग भरून पुन्हा एकदा, पण कमी आचेवर, भाजले की तो रंग लेपाशी एकजीव होतो. ही तिसरी भट्टी खर्चाची असे. स्वस्त मालात म्हणून काही रंग भाजल्यानंतर नुसताच वरून लावीत. आमच्या बाहुलीचा निळा झगा भट्टीतून गेला होता. तिचे डोळे आणि ओठ नुसते कुंचल्याने रेखले होते. आम्ही पुसले ते कोणा अनामिक कारागिराच्या हाताचे शेवटचे काम. कारखान्यातल्या कामगारांच्या फुप्फुसांत पांढरी धूळ साचे आणि त्यांचे आयुष्य उणावे, ही गोष्टही त्या हातांची आठवण काढताना विसरता येत नाही.

बाहुलीच्या तळाशी साच्याचा क्रमांक आणि बारीक रोमन अक्षरे होती: ‘जर्मनी’. या एका शब्दालाही इतिहास आहे. स्वस्त जर्मन माल इंग्रजी मालाचे सोंग घेऊन विकला जातो, या तक्रारीवरून ब्रिटिश संसदेने 1887 साली व्यापारी चिन्हांचा कायदा केला. हिंदुस्थानात तशा स्वरूपाचा कायदा 1889 साली आला. हेतू असा होता की, गिऱ्हाईकाने ‘मेड इन जर्मनी’ वाचावे आणि माल खाली ठेवावा. घडले उलटेच. पुढे तोच शिक्का चांगल्या मालाची खूण मानला गेला. आजच्या संग्राहकाला त्याच शिक्क्यांवरून कुपीचे वय ताडता येते. ‘पश्चिम जर्मनी’ लिहिलेली कुपी 1949 पूर्वीची असू शकत नाही. ‘ऑक्युपाइड जपान’ असे लिहिलेली बाहुली, चेहरा कितीही जर्मन असला तरी, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या परकीय अमलाखालील जपानची असते.

ही वस्तू खानदेशात कशी आली असेल? 1860 च्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग खानदेश ओलांडून भुसावळला पोहोचला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावची पेठ भरभराटीस आली ती या दोन घटनांमुळे. 1900 साली चाळीसगावहून धुळ्यालाही आगगाडी आली. गाडीतून कापूस मुंबईला जाई आणि परत येताना दिव्यांच्या काचा, घड्याळे, आरसे, सुया व खेळणी येत. 1914 साली महायुद्ध पेटले आणि जर्मन माल थांबला. मुंबई प्रांतात शाळा व महाविद्यालये उभारणारे जर्मन जेझुइट धर्मगुरूही त्या काळात स्थानबद्ध होऊन मायदेशी पाठविले गेले. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी माल पुन्हा येऊ लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सुगंधाच्या बाबतीत खानदेश दरिद्री नव्हता. लग्नात गुलाबदाणीने शिंपडणे, मनगटाला अत्तर लावणे, कानात फाया ठेवणे हे आपल्या आतिथ्याचे भाग आहेत. पण आपली अत्तरदाणी ही सर्वांसमोर, सर्वांसाठी फिरविण्याची वस्तू. जर्मन कुपी मुठीत मावणारी आणि एकटीची. एकत्र कुटुंबात जिला स्वतःचे म्हणावे असे ट्रंकेपलीकडे फारसे काही नसे, त्या सुनेला ही बाहुली काय वाटली असेल, याचा विचार आम्ही कुपी धुण्यापूर्वी केला नव्हता.

तो विचार आजींनी आमच्याकडून करविला. तोंड पुसलेली बाहुली मांडीवर घेऊन त्यांनी तिची हकीकत सांगितली, आणि आम्ही ती प्रथमच विचारली होती. बाहुली त्यांच्या सासूबाईंची. सासरे कापसाच्या व्यवहारासाठी मुंबईला गेले असता त्यांनी ती आणली होती. डिसेंबर 1936 मध्ये याच जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले होते. साने गुरुजींसारख्या शिक्षकाच्या सहवासाने अंमळनेरच्या शाळेतील मुलांची एक पिढी त्यापूर्वीच भारलेली होती. आजींचे थोरले दीर फैजपूरहून परतले आणि त्यांनी विदेशी जिन्नस घराबाहेर काढावयास सांगितले. सासूबाईंनी निमूटपणे विलायती लुगडी दिली, काचेची झुंबरे दिली. बाहुली मात्र तांदळाच्या डब्यात तळाशी लपविली. स्वातंत्र्य आल्यावरच ती डब्यातून कपाटात आली. “सासूबाई देशाच्या विरुद्ध नव्हत्या, फादर,” आजी म्हणाल्या. “सूतही कातायच्या. पण एवढं एकच त्यांचं होतं.”

स्वदेशीच्या इतिहासात होळीत टाकलेल्या वस्तूंची नोंद होते. तांदळात लपविलेल्यांची होत नाही. आम्हाला दिराचे म्हणणेही खोटे वाटत नाही आणि सासूबाईंचेही. दोन्ही सत्ये एका घरात नांदली, आणि त्यांची साक्ष द्यायला तीन इंचांची एक बाहुली उरली.

साक्षी जपण्याचा वारसा खानदेशाला मोठा आहे. घरोघरच्या माळ्यांवरून आणि दप्तरांतून जुने कागद मिळविण्यासाठी वणवण फिरलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच देह ठेवला. 1898 पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे 22 खंड सिद्ध केले होते. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांनी कागद वाचविले. वस्तू वाचविण्याचे काम पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी केले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणाऱ्या या गृहस्थाचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी पत्नीच्या साथीने दिवे, अडकित्ते, करंडे, वज्री अशा साध्या घरगुती वस्तू जन्मभर जमविल्या. वीस हजारांच्या घरातील तो संग्रह त्यांनी 1975 साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पाय घासण्याची वज्री संग्रहालयात ठेवण्याजोगी असते, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकविले.

जर्मन कुप्यांच्या परदेशी संग्राहकाला साच्याचा क्रमांक, शिक्का आणि मूळ बूच यांवरून किंमत ठरविता येते. ते ज्ञान उपयोगाचे आहे, आणि ते आम्हाला वेळीच असते तर एक चेहरा वाचला असता. परंतु बाजारात आलेल्या बहुतेक कुप्यांपाशी आपल्या मालकिणीचे काहीच उरलेले नसते. आपल्याकडे जुनी घरे पाडली जात आहेत, आणि भंगारवाल्याच्या टोपलीत पडणाऱ्या अशा वस्तूंची हकीकत सांगणारी माणसे अजून काही थोडी आहेत. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. घरातील जुनी वस्तू सापडली तर प्रथम वडीलधाऱ्यांपाशी बसा. ती कोणाची, कोठून आली, कोणी वापरली, हे विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. साफ करावयाचीच झाल्यास कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटका. पाणी, साबण आणि चिंच यांपासून तिला दूर ठेवा. तुटले असेल तर तुकडे जपून ठेवा. नवा रंग देऊ नका.

आजी पुढल्या उन्हाळ्यात गेल्या. बाहुली आता त्यांच्या नातीकडे धुळ्याला असते. तिचे तोंड पुन्हा रंगवून द्यावे, असे एका चित्रकाराने सुचविले होते. नातीने नको म्हटले. कुपी एका लहान पेटीत कापसावर ठेवलेली आहे आणि खाली आम्ही त्या दिवशी लिहून घेतलेला कागद आहे. बाहुलीला डोळे का नाहीत, असे तिच्या मुलीने विचारले की ती तो कागद काढून वाचून दाखविते. त्यात आमच्या चुकीचीही नोंद आहे. ती आम्ही स्वतःच्या हाताने केली.